मलपृष्ठावरची दुसरी ओळ

पुस्तक हातात आलं की मी आधी ते उलटं करते. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना हे सगळं मागाहून. मलपृष्ठावर लेखकाचा छोटा फोटो असतो आणि त्याखाली चार-सहा ओळींचा परिचय. पहिल्या ओळीत जन्म आणि शिक्षण, शेवटी पुरस्कार. मधे कुठेतरी, बहुतेकदा दुसरीच, एक ओळ असते: हा माणूस पोटासाठी काय करतो. माझी नजर तिथे जाऊन थांबते.

ही सवय कामामुळे लागली. गेली एकोणीस वर्षं मी मुद्रितं तपासते. पुस्तक छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात 'अरे, परिचय राहिलाच' असं कुणाच्या तरी लक्षात येतं आणि ते काम माझ्याकडे येतं. लेखकाला फोन करायचा, माहिती विचारायची, साठ-सत्तर शब्दांत बसवायची. या फोनवर जन्मगाव लोक आनंदाने सांगतात, पुरस्कार तर सनावळीसकट. नोकरीचं विचारलं की आवाज बदलतो. 'ते काही घालू नका' असं किती जणांनी सांगितलं असेल याचा मी हिशेब ठेवलेला नाही, पण पुष्कळांनी.

त्यांतले एक कवी एसटीत वाहक होते. पहिलाच संग्रह. प्रुफं टपालाने पाठवली असती तरी चाललं असतं, पण ते स्वतः घेऊन आले, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, अंगात खाकी गणवेश, खांद्याला पैशांची चामडी पिशवी. प्रुफं डेपोत विश्रांतीच्या खोलीत बसून तपासली होती. समासातलं अक्षर मुंगीएवढं आणि ओळीत. वेबिलाच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाच्या, रकान्यांत वर्षानुवर्षं आकडे भरणाऱ्याचं अक्षर. परिचयाच्या पानावर 'एसटीत वाहक' हे दोन शब्द त्यांनी एका सरळ रेघेने खोडले होते आणि वर लिहिलं होतं, 'नोकरी'.

मी विचारलं, का खोडलंत?

"मॅडम, तुम्ही वाहक छापलंत की लोक म्हणणार, कंडक्टर असून बरं लिहितो. मला तो 'असून' नको."

मला उत्तर सुचलं नाही. 'नोकरी' असंच छापलं. आजही तो संग्रह कपाटातून काढला की ती ओळ मला खुपते, कारण त्या कवितांची घडण त्या कामातच झाली होती. त्यांनीच सांगितलं होतं: गाडी सुटली की तिकिटं, तिकिटं झाली की वेबिल, आणि वेबिल भरून झालं की पुढचा थांबा येईपर्यंत जो वेळ उरेल तो त्यांचा. कधी दोन मिनिटं, घाट असला तर पंधरा-वीस. तेवढ्यात एखादी ओळ मनात जुळवायची, घोकत राहायची. वस्तीची गाडी असली की रात्री गावात गाडी उभी राहिल्यावर आतल्या दिव्याच्या उजेडात ती वहीत उतरवायची. अख्ख्या संग्रहात एकही लांब कविता नव्हती. पुढे एका परीक्षणकर्त्याने त्यांच्या आटोपशीर शैलीचं नातं जपानी हायकूशी जोडलं. त्याचा दोष नाही. त्याला कळण्याचा रस्ता मीच 'नोकरी' छापून बंद केला होता.

त्यानंतर मी या दुसऱ्या ओळीकडे जास्त लक्षपूर्वक पाहायला लागले.

'असून' आपल्याकडे खोल मुरलेला आहे. नारायण सुर्वे यांच्यावरच्या भाषणांत तो हमखास येतो. जन्मतःच पोरकं झालेलं मूल, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेलं. गिरणीतलं काम, पालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी आणि पुढे परीक्षा देऊन पालिकेच्याच शाळेत शिक्षक. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म', १९६६ साली 'माझे विद्यापीठ', १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. हे सांगताना वक्त्यांचा सूर 'एवढं सोसून, एवढं राबून, तरीही' असा लागतो. काहींचा सूर उलटा: कामगार होते म्हणून कामगारांची कविता लिहिली. मला तो 'म्हणून'ही पटत नाही. गिरणगावात तेव्हा पाळ्यांना जाणारी लाखो माणसं होती, सुर्वे एकच झाले. काम कुणाला कवी करत नाही. पण जो मुळात कवी आहे त्याच्या पुढ्यात ते काही शब्द टाकतं, काही माणसं टाकतं आणि दिवसाचे काही तास त्याला देतं, उरलेले काढून घेतं. त्या उरल्यासुरल्या तासांत, त्या शब्दांनी तो लिहितो. संग्रहाला 'माझे विद्यापीठ' असं नाव देऊन सुर्व्यांनी दुसरी ओळ थेट मुखपृष्ठावरच नेऊन ठेवली, असं मला नेहमी वाटतं.

नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवायचे. १९७२ साली त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला तेव्हा त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकर पत्रकारितेत मुरलेले, मुंबई आतबाहेर पाहिलेले. तरीही त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ त्यांना ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. टॅक्सी चालवणाऱ्याला शहर त्याच्या मर्जीने पाहता येत नाही. गिऱ्हाईक सांगेल तिकडे जायचं, उजेडातल्या वस्तीतून अंधाऱ्या वस्तीत, मधला रस्ता मागे टाकत. ढसाळांची कविता एका प्रतिमेवरून दुसरीवर ज्या झपाट्याने वळते त्यात मला ते स्टिअरिंग जाणवतं. हे माझं वाचन आहे, कुणी समीक्षक याला हरकत घेईल. पण दुसरी ओळ ठाऊक नसती तर मी ते वळण नुसतं 'बंडखोर प्रतिमासृष्टी' म्हणून सोडून दिलं असतं.

त्याच काळात, त्याच शहरात अरुण कोलटकर जाहिरातींच्या कंपन्यांत चित्ररचनेचं काम करत होते. जे. जे. कलामहाविद्यालयात शिकलेला माणूस. जाहिरातीत जागा इंचांत मोजून मिळते, एक शब्द जास्त झाला की चित्र मार खातं. कोलटकरांच्या कवितेची मुद्रितं तपासायला मला कधी मिळाली नाहीत, पण ओळ कुठे मोडली आहे आणि पानावर पांढरं किती सोडलं आहे हे पाहताना माझ्यासारखीला कळतं की हे डोळ्यांनी लिहिलेलं आहे. त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला १९७७ साली राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्या यशानंतरही त्यांच्या वागण्यात 'लेखक' म्हणून मिरवणं आलं नाही. मराठीतले 'भिजकी वही'सारखे मोठे संग्रह यायला २००३-०४ साल उजाडलं. २००४ मध्ये ते गेले, आणि 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात.

आणि नंदा खरे. यांच्याबद्दल मला आदराबरोबर मायाही वाटते, कारण त्यांनी दुसरी ओळ कधी झाकली नाही. मुंबईच्या आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, पुढे तीसेक वर्षं बांधकामाच्या धंद्यात. त्या धंद्यावर त्यांनी 'दगडावर दगड, विटेवर वीट' असं आख्खं पुस्तक लिहिलं. 'अंताजीची बखर' ही त्यांची कादंबरी वाचताना इतिहासाची भरजरी भाषा कुठे सापडत नाही. मोहिमेचा खर्च कोण देणार, रसद कुठून येणार, आदेश वरून खाली येताना काय होतं, हे प्रश्न त्यांना पडतात. ज्याने मजूर, सिमेंट आणि थकलेली बिलं सांभाळली आहेत त्याला साम्राज्य असंच दिसणार. २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार 'उद्या' या कादंबरीला जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला. समाजाने भरपूर दिलंय, आता आणखी घेणं बरं नाही, अशी त्यांची भूमिका होती. असं म्हणायला मोठं मन लागतं. पोटाची सोय लिहिण्याबाहेर झालेली असणं, हेही त्याला थोडं लागतं. दोन्ही गोष्टी सोबत बोलल्या तर मोठेपणाला धक्का लागत नाही.

पोटाची सोय हा शब्द आला आहे तर हिशेब मांडू. पूर्वी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघायची, आता पाचशेची निघते, कवितेची त्याहूनही लहान. धरा की पुस्तकाची किंमत ३०० रुपये, मानधन १० टक्के, आणि पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या. लेखकाच्या हाती १५,००० रुपये येतात. कादंबरीला चार वर्षं लागली असतील तर वर्षाचे ३,७५० झाले. मराठीत लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला दुसरी ओळ असते ती यामुळे. जे 'पूर्णवेळ लेखक' म्हणवतात त्यांच्या दिवसातही मालिकेचे प्रसंग, अनुवाद, जाहिरातीची संहिता असं काहीतरी असतंच. तोही धंदाच, फक्त लेखणीचाच असल्यामुळे वेगळा दिसत नाही. आणि तो जास्त दमवतो, हे मी त्यातल्या बऱ्याच जणांकडून ऐकलंय. दिवसभर दुसऱ्यासाठी वाक्यं केल्यावर रात्री स्वतःचं वाक्य फुटत नाही.

मग कुठली नोकरी बरी? मराठीने याचं उत्तर साठेक वर्षं एकच दिलं: मास्तरकी. साहित्य अकादमीची अलीकडची यादी पाहा. २००८ शाम मनोहर, २००९ वसंत आबाजी डहाके, २०११ ग्रेस, २०१८ म. सु. पाटील, २०२२ प्रवीण बांदेकर, २०२३ कृष्णात खोत, २०२४ सुधीर रसाळ. सगळे शिकवणारे. १९९९ च्या 'ताम्रपट'चे रंगनाथ पठारेही तसेच. पठारे आणि शाम मनोहर हे दोघे तर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आणि शाम मनोहरांच्या वाक्यात ते कळतं. साधी गोष्ट ते उचलतात, बाजू बदलून पाहतात, पुन्हा ठेवतात, निष्कर्षाची घाई करत नाहीत. ज्ञानपीठविजेते विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे दोघेही इंग्रजी शिकवणारे. कारण उघड आहे. कायम पगार, ग्रंथालयाची किल्ली जवळपास आपलीच, दुपारनंतरचा वेळ मोकळा, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना. मराठीतल्या किती कादंबऱ्यांचे पहिले खर्डे मे महिन्यात झाले असतील! मी ज्यांची मुद्रितं तपासली त्यांतल्या प्राध्यापकांची हस्तलिखितं तर जूनच्या आत यायची, शाळा-कॉलेज सुरू व्हायच्या आधी.

यादीत बाकीचेही आहेत, आणि मला ते मोलाचे वाटतात: बँकेतले सतीश काळसेकर, पत्रकार जयंत पवार आणि आसाराम लोमटे, सहकार खात्यातले श्रीकांत देशमुख. जयंत पवारांचं नाटक 'अधांतर' गिरणगावातल्या एका घरात घडतं, आणि त्यातलं बोलणं कान लावून वर्षानुवर्षं ऐकलेलं बोलणं आहे. पळसखेडला शेती करत कविता लिहिणारे ना. धों. महानोर २०२३ साली गेले. 'रानातल्या कविता'तल्या पिकांना, पाखरांना, नक्षत्रांना शहरी शब्दकोश पुरत नाही. मुद्रितशोधकाने तिथे आपलं शहाणपण बाजूला ठेवावं आणि कवीने लिहिलंय तसंच जाऊ द्यावं, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं.

बायकांच्या पुस्तकांवर मात्र दुसरी ओळ पुष्कळदा नसतेच. किंवा असते 'गृहिणी'. फोनवर मी विचारते, तेव्हा उत्तर येतं, "काही नाही हो, घरीच असते." हे 'काही नाही' ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर फलटणच्या बेबी कांबळे येतात. त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला रद्दी आणलेली असायची, तिच्यातला कागद पुडी बांधण्याआधी त्या वाचून घ्यायच्या. त्यातून वाचनाची भूक वाढली, पुढे लिहायला लागल्या. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेले कागद अडगळीत दडवून ठेवायच्या, आणि असं वर्षानुवर्षं चाललं. 'जिणं आमुचं' आपल्यापर्यंत आलं ते त्या अडगळीतून. या बाईची दुसरी ओळ काय लिहायची? दुकानदार? गृहिणी? त्या गल्ल्यावरची दहा मिनिटं आणि पुडीचा कागद परिचयाच्या साठ शब्दांत आणायचा तर कसा, याचा मी खूपदा विचार केलाय.

ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होत्या. घर, मुलं, ऑफिस आणि त्यातच पुढचं शिक्षण. २००३ साली आलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'आयदान', आई विणायची त्या बांबूच्या वस्तूंचं. स्वतःच्या लिहिण्याचं नातं त्या आईच्या विणकामाशी लावतात. म्हणजे सरकारी नोकरीच्याही मागे एक पिढी जाऊन, जिला कुणी करिअर म्हटलं नसतं त्या कामाशी. आईचं काम लेकीच्या पुस्तकाच्या नावात आलं. परिचयात आपण 'आई बांबूच्या वस्तू विणत असे' असं छापत नाही. छापलं पाहिजे, असं आता मला वाटतं.

गेल्या सात-आठ वर्षांत माझे ते फोन बदलले आहेत, आणि हे मला लिहायचंच होतं. मास्तरकीची ती सावली आता उरलेली नाही. पहिला संग्रह घेऊन येणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या मुलामुलींनी नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा दिलेल्या असतात, पीएच.डी. झालेली किंवा होत आलेली असते, आणि ती तासिका तत्त्वावर शिकवत असतात. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही महिनोन्‌महिने अडकलेले. सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. ज्या मे महिन्यात कादंबरीचा खर्डा व्हायचा त्या मे महिन्यात ही मुलं पेपर तपासायचं किंवा क्लासचं काम शोधतात. एकाने मला विचारलं होतं, "परिचयात 'प्राध्यापक' लिहिलं तर खोटं होईल का?" चार-चार वर्ग तो रोज शिकवत होता. कायम प्राध्यापकांच्या पिढीने आपल्याला जाड कादंबऱ्या दिल्या. ही मुलं हुशारीत कुठे कमी नाहीत, पण त्यांच्या पदरात येणारा वेळ तुकड्यातुकड्यांचा आहे, आणि त्यांच्या पुस्तकांचा आकार मला त्या तुकड्यांनी ठरताना दिसतोय. उद्या कुणीतरी याला 'नव्या पिढीची विखंडित संवेदना' म्हणेल. म्हणण्याआधी त्यांच्या हजेरीपत्रकाकडे पाहावं, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

सध्या माझ्या टेबलावर एका कवयित्रीच्या संग्रहाचं दुसरं प्रूफ आहे. दोन कॉलेजांत शिकवते, सकाळी एकात, दुपारी दुसऱ्यात, मधे बस. वहीत कविता लिहायला तिला जागाच नसते, म्हणून मोबाइलवर स्वतःलाच निरोप पाठवत गेली. संहिताही आमच्याकडे तशीच आली, निरोपांतून उचलून चिकटवलेली. त्यामुळे प्रत्येक कवितेच्या डोक्यावर तारीख आणि वेळ. ११.४७. १.१२. १.१९. पुन्हा ११.५०. पहिल्या प्रुफात मी ते सगळे आकडे सफाईने काढून टाकले, आमच्या भाषेत 'कचरा साफ केला'.

मग परिचयासाठी फोन केला. म्हणाली, "ताई, कॉलेजची नावं नका घालू. यंदा बोलावतीलच असं नाही." मग काय घालू? थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, एका ठिकाणी मुलाखत आहे, पंधरा दिवसांनी कळवते, तोवर ती ओळ मोकळी ठेवता येईल का?

मोकळी ठेवली आहे. प्रूफ पुन्हा पहिल्या पानापासून काढलं, तिची मूळ फाइल शेजारी उघडली आणि वेळा एकेक करून परत घातल्या, प्रत्येक कवितेखाली उजवीकडे, बारीक टायपात. पाठवून विचारलं, चालेल का? रात्री तिचं उत्तर आलं: "राहू द्या. १.१९ च्या जागी १.१६ पाहिजे, तेवढं बघा."